सांधा लपविण्याचें वेड

छायाचित्रकलेविषयीं मराठींत जें कांहीं थोडें लिहिलें-बोललें जातें त्यांत एक प्रशंसावाक्य हल्लीं वरचेवर कानांवर येऊं लागलें आहे. एकाच जागीं उभें राहून, कॅमेरा थोडथोडा वळवीत पुष्कळशीं छायाचित्रें घ्यावयाचीं आणि मग तीं कडेस कड लावून त्यांचा एक लांबचलांब देखावा बनवावयाचा, या प्रकारास इंग्रजींत पॅनोरामा म्हणतात हें वाचकांस ठाऊक आहेच. असा देखावा प्रदर्शनांत लागला कीं परीक्षक, चालक आणि उत्साही रसिक एकमुखानें उद्गारतात, "वाहवा! सांधा कोठें आहे तें शोधूनहि सांपडत नाहीं!" या उद्गारांत नुसतें कौतुक होतें तोंपर्यंत आमची कांहींच तक्रार नव्हती. परंतु आतां त्याचा सिद्धान्त झाला आहे. ज्याचा सांधा दिसत नाहीं तेंच उत्तम, ज्याचा दिसतो तें कच्चें, आणि ज्यानें तो मुद्दाम दिसूं दिला तो कारागीरच नव्हे, असें स्पर्धांच्या नियमांतून व परीक्षकांच्या अभिप्रायांतून बिनदिक्कत मांडलें जात आहे. हा सिद्धान्त आम्हांला चुकीचा वाटतो. नुसता चुकीचा नव्हे, तर अपायकारक वाटतो. आणि तो तसा कां वाटतो हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करूं. जोडचित्र म्हणजेच लबाडी, असें मानणारा एक सोंवळा पक्ष आहे. त्या पक्षाचे आम्ही नाहीं. एकदांच कळ दाबून जें उतरेल तेवढेंच खरें, बाकीचें सारें हस्तकौशल्य, असें या मंडळींचें म्हणणें. परंतु कळ दाबण्यापूर्वीं कोठें उभें राहावयाचें, काय चौकटींत घ्यावयाचें आणि काय बाहेर ठेवावयाचें, हें ठरविणारा माणूस तेथें असतोच. एकेरी चित्राला चार कडा असतात, आणि त्या कडांच्या बाहेर काय होतें याविषयीं तें एक अक्षरहि बोलत नाहीं. जोडचित्र निदान मान वळवून आजूबाजूला पाहतें. तेव्हां या पक्षाशीं आमचें भांडण फार वेळ चालण्यासारखें नाहीं. आमचें खरें भांडण आहे तें दुसऱ्या, म्हणजे सांधा लपविणाऱ्या पक्षाशीं.

हा लपविण्याचा हव्यास या कलेला जन्मापासूनच जडला आहे, हें मात्र प्रतिपक्षाच्या बाजूनें मान्य केलें पाहिजे. रॉबर्ट बार्कर नांवाच्या आयर्लंडांत जन्मलेल्या चित्रकारानें एडिंबरो येथें ही युक्ति काढली आणि १७८७ सालीं तिचें पेटंट घेतलें. छायाचित्रण अजून जन्मालाच यावयाचें होतें; तेव्हां हा देखावा रंगांनीं काढलेला होता. पुढें १७९३ सालीं लंडनच्या लेस्टर चौकांत त्यानें त्यासाठीं एक वर्तुळाकार इमारतच उभारली. प्रेक्षकाला अंधाऱ्या बोळांतून व जिन्यावरून मधल्या मंचावर नेत. तेथें चोहोंकडे चित्र. वरची कड छपराच्या आडोशानें झांकलेली, खालची मंचाच्या आडोशानें. कोठेंहि कड म्हणून दिसूं द्यावयाची नाहीं, म्हणजे पाहणाऱ्याला आपण चित्र पाहत आहों याचाच विसर पडतो, ही त्यांतली मख्खी.

या विसराचा उपयोग कशाकडे झाला तेंहि पाहण्यासारखें आहे. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें आणि टिपू सुलतान मारला गेला. दुसऱ्याच वर्षीं, १८०० सालीं, लंडनच्या लायसियम नाट्यगृहांत त्या हल्ल्याचा सुमारें १२० फूट लांबीचा देखावा लोकांना दाखविण्यांत आला. तो रंगविणारा रॉबर्ट केर पोर्टर तेव्हां जेमतेम विशी ओलांडलेला तरुण होता. श्रीरंगपट्टणाचा तट त्यानें डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. तरीहि लंडनकर तो देखावा पाहून बाहेर पडला तो रणभूमि प्रत्यक्ष पाहिल्याच्या थाटांत. चित्राला कडच नव्हती; मग चित्रकार तेथें गेला होता काय, हा प्रश्न सुचावा तरी कोठून?

छायाचित्रण आलें आणि ही स्थिति कांहीं काळ पालटली. पालटली ती कोणाच्या सद्बुद्धीमुळें नव्हे, तर साधनांच्या अपुरेपणामुळें. पॅरिसमधील फ्रेडरिक फॉन मार्टेन्स यानें १८४४-४५ च्या सुमारास वळणारें भिंग आणि वांकविलेला धातूचा पत्रा वापरून एका दमांत लांब चित्र घेण्याची सोय काढली खरी. परंतु बहुतेकांना एकेक पत्रा किंवा कांच निरनिराळी घेऊन ती शेजारीं शेजारीं मांडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. १८४८ सालच्या सप्टेंबरांत फोंटेन आणि पोर्टर या जोडीनें ओहायो नदीच्या पलीकडील तीरावरून सिनसिनाटी शहराचा घांट आठ पत्र्यांवर उतरविला. आठहि पत्रे चौकटींत वेगवेगळे दिसतात. अलीकडे त्यांचें सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षण झालें तेव्हां एका मनोऱ्यावरील घड्याळाचे कांटेसुद्धां वाचतां आले. आठ तुकडे आहेत म्हणून त्या चित्राची साक्ष उणी झाली असें कोणाहि इतिहासकारानें म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

पुढें १८७५ सालीं चार्ल्स बेलिस यानें सोन्याच्या खाणींत धनाढ्य झालेल्या होल्टरमान याच्या आश्रयानें आणि त्याच्याच घराच्या मनोऱ्यावरून सिडनी बंदर २३ चित्रांत पकडलें. तें जोडलें असतां लांबी १० मीटरच्या जवळपास भरते. परंतु या सर्वांत आम्हांला अधिक बोलकें वाटतें तें एडवर्ड मायब्रिज याचें सान फ्रान्सिस्कोचें चित्र. १८७८ सालीं नॉब टेकडीवरील एका श्रीमंताच्या अपुऱ्या हवेलीच्या मनोऱ्यावर चढून त्यानें भल्या मोठ्या १३ कांचांवर सारें शहर चोहों बाजूंनीं टिपलें. सगळीं चित्रें ओळीनें ठेविलीं तर सुमारें १७ फूट भरतात. ओल्या कांचेचा तो काळ. प्रत्येक कांच जागेवरच रसायनांत भिजवावयाची, ओली असतांनाच प्रकाशाला दाखवावयाची आणि लगेच धुवावयाची. त्यामुळें पहिल्या कांचेपासून शेवटच्या कांचेपर्यंत जातां जातां तास उलटले. सूर्य कांहीं मायब्रिजसाठीं थांबला नाहीं. त्या चित्रांतल्या घरांच्या सावल्या एका कांचेवर एकीकडे तर पुढच्या एखाद्या कांचेवर भलतीकडे पडलेल्या दिसतात.

आजच्या परीक्षकाला विचाराल तर तो याला दोष म्हणेल. आम्ही म्हणतों, त्या सावल्या म्हणजे त्या चित्राची दैनंदिनी होय. कोणती कांच आधीं, कोणती नंतर, मधें किती वेळ गेला, हें त्या सावल्यांवरूनच अभ्यासकांना ताडतां येतें. १९०६ च्या एप्रिलांत भूकंप आणि आग यांनीं तें शहर उद्ध्वस्त केलें, ती हवेलीहि जळाली. गेलेल्या नगरीचें इतकें सविस्तर दर्शन ज्या चित्रांतून होतें त्याचे सांधे मायब्रिजनें रंगाचा कुंचला फिरवून बुजविले असते तर तें अधिक सुंदर दिसलें असतें काय? कदाचित् दिसलें असतें. परंतु त्याला कांहीं विचारण्याची सोय उरली नसती.

येथें प्रतिपक्षाच्या हातीं आम्ही आपण होऊन एक शस्त्र देतों. सांधा दिसला म्हणजे चित्र खरें ठरलें, असें मुळींच नाहीं. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ सालीं लखनौ व दिल्ली येथें आला. दिल्लीच्या जामा मशिदीवरून घेतलेला त्याचा शहराचा देखावा अनेक चित्रें जोडून केलेला आहे, आणि जोड उघड दिसतात. त्याच माणसानें लखनौच्या सिकंदरबागेचेंहि चित्र घेतलें. तेथील कत्तल नोव्हेंबर १८५७ मधली. चित्र त्यानंतर कित्येक महिन्यांनीं घेतलेलें. तरी त्यांत अंगणभर मानवी हाडें पसरलेलीं आहेत. तीं चित्रासाठीं मांडून घेतलीं असावीं, असें समकालीनांच्या आठवणींच्या आधारें अभ्यासक मानतात. म्हणजे एकेरी, बिनजोड चित्रांतहि मांडणी होऊं शकते आणि उघड्या सांध्यांचा माणूसहि ती करूं शकतो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, सांधा दिसला तर निदान एक प्रश्न विचारण्यास फट राहते. तीहि बुजविली म्हणजे विचारणाऱ्याला बोट शिरकविण्यास जागाच उरत नाहीं.

आतां हे सांधे प्रत्यक्षांत जुळतात कसे तें थोडें सांगितलें पाहिजे. कारण सांधा लपविणें म्हणजे नुसती सफाई, असा जो समज आहे तो ही क्रिया ठाऊक नसल्यामुळें आहे. शेजारच्या दोन चित्रांत चौथ्या-तिसऱ्या हिश्शाइतका भाग सामाईक ठेवावा लागतो. प्रकाशाचें माप आणि भिंगाचा रोख सर्व चित्रांस एकच ठेवावा लागतो, नाहीं तर आकाश कोठें फिकट तर कोठें गडद उतरतें. या गोष्टी सोप्या आहेत. अवघड गोष्ट आहे ती कॅमेरा कोणत्या अक्षाभोंवतीं फिरवावयाचा ही. वाचकांनीं आपलें बोट नाकासमोर धरून एकदां डावा व एकदां उजवा डोळा मिटून पाहावें; बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतें. पाहणारा बिंदु हलला कीं जवळची वस्तु दूरच्या वस्तूवरून सरकते. कॅमेरा तिपाईच्या खिळ्याभोंवतीं फिरविला तर हेंच होतें. समोरून भिंगांत डोकावलें असतां आंत जें प्रकाशद्वार दिसतें त्याच्या जागेवरून अक्ष जाईल अशा बेतानें कॅमेरा पुढें-मागें सरकवावा लागतो. हें साधलें नाहीं तर जवळचा खांब एका चित्रांत मागल्या खिडकीच्या डावीकडे आणि दुसऱ्यांत उजवीकडे पडतो. असा खांब कोणत्याहि कौशल्यानें खरेपणानें जुळत नाहीं. जुळविला तर तो कोठें तरी वांकवून, नाहीं तर कोठें तरी कापूनच जुळविला जातो.

पूर्वीं हा कापण्याचा निर्णय माणूस घेई. मग संगणक आला. जर्मनींतील हेल्मुट डेर्श या प्राध्यापकानें १९९८ सालीं जोडकामासाठीं आज्ञावली उपलब्ध करून दिल्या, तरी दोन चित्रांत समान खुणा कोठें आहेत त्या माणसालाच बोटानें दाखवाव्या लागत. २००३ सालीं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतील मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनीं यंत्रच आपल्या आपण समान खुणा हुडकून चित्रें ओळखील व जुळवील अशी पद्धति मांडली. आयफोनमध्यें ही सोय २०१२ सालीं आली आणि आज तर कोणाच्याहि खिशांतला फोन हवेंत आडवा फिरविला कीं काम झालें. सोय उत्तम आहे, तिला आमचा विरोध नाहीं. आमच्या डोळ्यांत भरते ती तिच्या पोटांतली एक बारीक गोष्ट. सामाईक भागांत एका चित्रांत एक माणूस आहे आणि दुसऱ्या चित्रांत तो चालत पुढें गेला आहे, असें झालें म्हणजे त्याची अर्धपारदर्शक छाया उमटते. या छायेला कारागीर मंडळी 'भूत' म्हणतात आणि तें काढून टाकण्याची सोय यंत्रांत करून ठेवितात. जिवंत, चालत्या-बोलत्या माणसाला भूत म्हणावयाचें आणि मग तें उतरविलें म्हणून समाधान मानावयाचें, यांतला विनोद त्यांच्या लक्षांत येत नसावा! यंत्र दोहोंपैकीं एक चित्र निवडतें आणि सांध्याची रेघ त्या माणसाला वळसा घालून नेतें. तो राहील कीं जाईल हें कोणीहि ठरविलेलें नसतें, आणि ठरलें म्हणून कोठें नोंद राहत नाहीं.

हें सारें शब्दच्छल वाटूं नये म्हणून एक उदाहरण देतों. आमच्या माहितींतील एका जुन्या शिक्षणसंस्थेनें वर्धापनाच्या निमित्तानें अध्यापक व सेवक यांचें एकत्र चित्र काढविलें. मंडळी पुष्कळ, म्हणून अर्धवर्तुळांत उभी केली. छायाचित्रकारानें मध्यें तिपाई रोवून सात चित्रें घेतलीं आणि यंत्रावर जोडलीं. आम्हीहि त्या मंडळींत होतों. मागच्या रांगेंत मधोमध एक शिपाई उभे होते. संस्थेंत तीस वर्षांहून अधिक नोकरी झालेले. तिसरें चित्र झालें आणि चौथें होण्यापूर्वीं एका वृद्ध माजी शिक्षकांना घेरी आल्यासारखें झालें, तेव्हां हे गृहस्थ त्यांच्यासाठीं खुर्ची आणावयास धांवले. इतर कोणीहि जागचें हललें नाहीं. तिसऱ्या चित्रांत ते आहेत, चौथ्यांत त्यांच्या जागीं भिंत आहे. यंत्रानें भिंत निवडली. आज तो सहा फुटी देखावा सभागृहांत टांगलेला आहे; त्याखालीं सोनेरी अक्षरांत 'संस्थेचा संपूर्ण अध्यापक व सेवकवर्ग' असें लिहिलें आहे, आणि त्यांत ते शिपाई नाहींत. आम्हीं ही गोष्ट चालकांच्या नजरेस आणली. उत्तर मिळालें, "पण सर, देखावा किती स्वच्छ आला आहे, एकहि जोड दिसत नाहीं!"

हें उत्तर देणारे गृहस्थ दुष्ट नाहींत. त्यांनीं जो सिद्धान्त ऐकला होता तोच ते आम्हांला ऐकवीत होते. आमचा राग त्या सिद्धान्तावर आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, आपला डोळा तरी दुसरें काय करितो? तोहि एका दृष्टिक्षेपांत फारच चिमुकला भाग स्वच्छ पाहतो, भिरभिर फिरतो, आणि मेंदु ते तुकडे असे सांधतो कीं आपणांस अखंड जग दिसतें. मग यंत्रानें तेंच केलें तर बिघडलें कोठें? युक्तिवाद चतुर आहे. परंतु डोळ्यानें सांधलेलें चित्र भिंतीवर टांगून त्याखालीं 'संपूर्ण' असें कोणी लिहीत नाहीं. डोळ्याचा धनी समोर असतो. त्याला उलट प्रश्न विचारतां येतो, तूं कोठें उभा होतास, तूं मधें मान वळविलीस काय, असें खोदतां येतें. कोर्टांत साक्षीदाराची उलटतपासणी होते ती याचसाठीं. चित्राला तोंड नाहीं. त्याचे सांधे हेंच त्याचें तोंड.

आणि हा प्रश्न आतां केवळ दिवाणखान्यांतल्या शोभेचा राहिलेला नाहीं. २०२२ च्या जुलैपासून मुंबई, पुणें, नाशिक धरून भारतांतील दहा शहरांच्या रस्त्यांचे सर्वदर्शी देखावे गूगलच्या नकाशावर घरबसल्या पाहतां येऊं लागले. ते सगळे जोडचित्रेंच आहेत. त्यांत सांध्याच्या रेघेवर क्वचित् अर्धाच सायकलस्वार दिसतो. लोक त्याला हंसतात. आम्हांला तो अर्धा सायकलस्वार प्रामाणिक वाटतो. हद्दीचा तंटा, पाडलेली भिंत, तोडलेलें झाड, सभेला जमलेली गर्दी, यांचा पुरावा म्हणून उद्यां असलीं चित्रें पुढें येणार. किंबहुना येऊं लागलींच आहेत. गर्दीचें जोडचित्र घेणारा जर कॅमेरा सावकाश फिरवील आणि लोक मधें सरकत राहतील, तर तेच लोक दोनदां मोजले जातील किंवा एकदांहि मोजले जाणार नाहींत. सांधा कोठें आहे हें ठाऊक नसेल तर कोणतें झालें तें कळावयाचें कसें?

या बाबतींत जुन्या शाळांच्या समूहचित्रांतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९०४ सालीं अमेरिकेंत सर्कट नांवाचा कॅमेरा निघाला. चावीच्या घड्याळासारख्या यंत्रानें तो आपल्या आंसाभोंवतीं फिरे आणि आंतली फिल्म त्याच वेगानें सरकत जाई. शेंकडों मुलें अर्धवर्तुळांत उभीं करून त्यानें चित्र घेत. डावीकडचा एखादा व्रात्य मुलगा आपलें चित्र उतरलें कीं रांगेच्या पाठीमागून धूम ठोकी आणि कॅमेरा पोंचण्यापूर्वीं उजव्या टोकाला जाऊन उभा राही. चित्रांत तोच मुलगा दोन्ही टोकांना हंसत उभा! शिक्षकांनीं त्याला काय शिक्षा केली असेल ती असो. परंतु त्या पोरानें चित्राचें मर्म उघड केलें. हें एका क्षणाचें चित्र नव्हे, यांत काळ वाहतो आहे, हें त्यानें दोनदां उभें राहून सांगितलें.

आणि एका चौकटींत एकाच व्यक्तीनें पुन्हां पुन्हां दिसणें हें आपल्या परंपरेला नवें थोडेंच आहे? अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत विश्वंतर जातक भिंतीवर लांबवर पसरलें आहे. राजपुत्र राजवाड्यांत आहे, तोच रथांत आहे, तोच अरण्यांत आहे. एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो तेथें एखादें दार, एखादा खांब, एखादें झाड येतें. तो सांधाच होय. चित्रकारानें तो लपविला नाहीं. त्यालाच चित्राचा भाग केला. अलीकडच्या काळांत इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यानें १९८६ च्या एप्रिलांत कॅलिफोर्नियांतील एका चौरस्त्याचीं शेंकडों छायाचित्रें आठवडाभर घेऊन एकावर एक चिकटविलीं आणि त्यांच्या कडा तशाच उघड्या राहूं दिल्या. रस्त्यावरची खूण प्रत्यक्ष शिडी लावून जवळून पाहिलेली, आकाश तुकड्यातुकड्यांचें. त्याला कोणी कच्चा कारागीर म्हणत नाहीं.

आमचा व्यवसाय अध्यापनाचा आणि ग्रंथांचा. म्हणून आम्हांला याहून जवळचा दाखला सुचतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. निरनिराळ्या प्रांतांतल्या, निरनिराळ्या लिपींतल्या हस्तलिखितांवरून डॉ. सुखटणकर आणि त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनीं एक संहिता जुळविली. म्हणजे तीहि एक जोडसंहिताच. परंतु प्रत्येक पानाच्या खालीं, कोणत्या पोथींत काय पाठ आहे, काय गळलें आहे, काय जादा आहे, याची बारीक टाइपांत नोंद आहे. इतकेंच नव्हे, जेथें संपादकांची खात्री नव्हती तेथें त्या शब्दांखालीं नागमोडी रेघ काढली आहे. त्या नागमोडी रेघेनें आवृत्तीची शोभा गेली असें म्हणणारा विद्वान् आम्हांला अजून भेटावयाचा आहे. उलट, तिच्यामुळेंच वाचक बाकीच्या शब्दांवर विश्वास ठेवतो. पोथ्यांच्या बाबतींत जी शिस्त आपण पन्नास वर्षें खपून घालून दिली ती छायाचित्रांच्या बाबतींत आपणांस फाजील वाटावी, हें नवल नव्हे काय?

कोणी म्हणेल, हें विद्वानांपुरतें ठीक. प्रचंड यंत्रांच्या युगांत असल्या नोंदी कोण ठेवणार? तर ज्यांच्याजवळ सर्वांत प्रचंड यंत्रें आहेत तेच त्या ठेवितात. मंगळावर क्युरिऑसिटी नांवाची गाडी आहे. तिनें २०१९ च्या २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळांत हजाराहून अधिक चित्रें घेतलीं आणि त्यांचा सुमारें १ अब्ज ८० कोटी बिंदूंचा देखावा २०२० च्या मार्चांत प्रसिद्ध झाला. चित्रें किती, कोणत्या दिवशीं घेतलीं, हें सारें त्यासोबत सांगितलेलें होतें. सावल्या सारख्या पडाव्या म्हणून मंगळावरच्या दुपारीं १२ ते २ या वेळांतच तीं घेतलीं, हेंहि सांगितलें. मायब्रिजला जें साधलें नाहीं तें साधलें, आणि कसें साधलें तें लपविलें नाहीं.

त्याहून आधींची ऑपॉर्च्युनिटी गाडी. तिच्या अखेरच्या देखाव्याचीं ३५४ चित्रें १३ मे ते १० जून २०१८ या दिवसांतलीं आहेत. प्रत्येक जागेचें चित्र तीन निरनिराळ्या गाळण्यांतून घ्यावयाचें आणि मग त्यांवरून रंग सिद्ध करावयाचा, असा क्रम होता. काम संपत आलें असतां साऱ्या ग्रहावर धुळीचें वादळ उठलें. सूर्यप्रकाशावर चालणारी ती गाडी मुकी झाली. देखाव्याच्या खालच्या कोपऱ्यांतील थोड्या चित्रांच्या बाबतींत हिरवी व जांभळी गाळणी लावावयाची राहूनच गेली. तेवढा कोपरा काळापांढरा आहे. पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञांना त्यांत अंदाजानें तांबूस रंग भरणें कांहीं अशक्य नव्हतें. शेजारची माती कोणत्या रंगाची आहे तें दिसतच होतें. त्यांनीं तो भरला नाहीं. २०१९ च्या फेब्रुवारींत मोहीम संपल्याचें जाहीर झालें आणि देखावाहि तसाच प्रसिद्ध झाला. आपल्याकडील एखाद्या स्पर्धेंत तो पाठविला असता तर पहिल्याच फेरींत 'अपूर्ण' म्हणून परत आला असता, याविषयीं आम्हांला शंका नाहीं!

तेव्हां आमची मागणी फार मोठी नाहीं. ज्याला सांधा बेमालूम करावयाचा असेल त्यानें तो खुशाल करावा. शोभेच्या चित्रांत सफाई असूं नये असा आमचा हट्ट नाहीं. परंतु चित्र किती तुकड्यांचें आहे, ते केव्हांपासून केव्हांपर्यंत घेतले, आणि जुळवितांना त्यांतून कोणी वा कांहीं काढलें काय, एवढ्या गोष्टी त्याखालीं दोन ओळींत लिहिल्या जाव्या. मूळ चित्रें जोडकाम झाल्यावर पुसून टाकूं नयेत. वर्तमानपत्रांनीं आणि संस्थांनीं तर हें केल्यावांचून असलें चित्र छापूं वा टांगूंच नये. आणि स्पर्धांच्या परीक्षकांनीं 'सांधा दिसतां कामा नये' हें कलम काढून टाकावें. त्या जागीं 'सांधा कोठें आहे तें सांगावें' असें घालावें. ज्या छायाचित्रकाराला आपल्या कामाचा अभिमान आहे त्याला यांत अडचण वाटण्याचें कारण दिसत नाहीं. उलट, अक्ष नीट साधून ज्यानें खरोखरच खांब खिडकीशीं जुळविला, त्याचें कसब आणि यंत्राकडून खांब कापून घेणाऱ्याची सफाई यांतला भेद तेव्हांच लोकांना कळेल. आज दोघांनाहि एकाच टाळ्या मिळतात.

त्या शिक्षणसंस्थेच्या चालकांना आम्हीं गेल्या महिन्यांत पुन्हां एक पत्र लिहिलें आहे. छायाचित्रकाराजवळ मूळचीं सात चित्रें अजून असतील तर त्यांतलें तिसरें वेगळें छापून देखाव्याखालीं लावावें, आणि तें शक्य नसेल तर 'संपूर्ण' हा शब्द तरी खोडावा, अशी विनंती त्यांत केली आहे. ते शिपाई येत्या मार्चांत निवृत्त होत आहेत. हा मजकूर छापावयास देईपर्यंत पत्राचें उत्तर आलेलें नव्हतें.